बावन्नाव्या वर्षी विद्यापीठात: चार कोर्सचा माझा अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत फिरता येईल. गेल्या तीन वर्षांत मी विद्यापीठांच्या चार कोर्सना नाव घातलं. दोन पूर्ण झाले, एक अर्ध्यावर अडकलाय आणि एक मी चिडून सोडला. पूर्ण झालेल्या दोन्हींना पाचपैकी पाच तारे. सोडलेल्याला एक, तोही शून्य द्यायची सोय नसते म्हणून. अडकलेल्याला तारे द्यायची माझी लायकी नाही, त्याचं शेवटी सांगते.

मी सत्तावीस वर्षं हिशेब विभागात आहे. बी.कॉम. केलं, कारण तेव्हा लवकर नोकरी लागणं गरजेचं होतं. शिकायची हौस आहे का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. जमा, नावे, ताळा, वर्षअखेर, की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. मुलगी शिकायला बाहेर पडली आणि संध्याकाळी घरात एकदम इतकी शांतता झाली की मी कपाटं आवरायला लागले. तिसऱ्यांदा तेच कपाट आवरताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या कपाटाला तरी जरा विश्रांती दे." त्या आठवड्यात मी संध्याकाळच्या वर्गाचा अर्ज भरला.

विषय निवडला तो वेळेकडे बघून. ऑफिस सुटल्यावर पोचता येईल असा एकच वर्ग होता, भाषाविज्ञानाची तोंडओळख. मला वाटलं, भाषा तर आपल्याला येतेच, निदान झेपेल तरी. हा माझा सगळ्यात मोठा गैरसमज होता, आणि त्या गैरसमजाची मी कायमची ऋणी आहे.

पहिल्या दिवशी वर्गात माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलं. शिकवणाऱ्या मॅडम तिशीतल्या. मी त्यांना मॅडम म्हणायची, त्याही मला मॅडम म्हणायच्या, आणि मुलं आधी दोघींना मॅडम म्हणून नंतर मला काकू म्हणायला लागली. बसायला शेवटचा बाक मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवटच्या बाकावर बसले आणि सांगते, तिथून फळा जास्त चांगला दिसतो.

मॅडमनी फळ्यावर वर्णमाला लिहिली. क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ, खाली ट, त, प. मी मनात म्हटलं, झालं, बालवाडी. मग त्या म्हणाल्या, "ही यादी आहे असं कोणाला वाटतंय?" सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. त्या म्हणाल्या, "हा तक्ता आहे. आडवा वाचू नका, उभा वाचा."

क, च, ट, त, प. एक हात गळ्यावर ठेवायला सांगितला. या पाचांना घसा थरथरत नाही. ग, ज, ड, द, ब म्हटलं की थरथरतो. मग ओठांसमोर कागदाची बारीक पट्टी धरायची. प म्हणताना ती जेमतेम हलते, फ म्हणताना फडफडते. शेवटचा रकाना ङ, ञ, ण, न, म. नाक चिमटीत धरून म्हणून बघा, जमतच नाही. आणि ओळी वरून खाली म्हणजे जीभ आणि ओठांचा प्रवास: घशाजवळून सुरुवात, मग टाळू, मग जीभ वर वळवून, मग दात, शेवटी ओठ. पंचवीस अक्षरं, पाच ओळी, पाच रकाने, आणि प्रत्येक चौकटीत नेमकं तेच जे तिथे असायला हवं. मी पहिलीपासून ते पाठ म्हणत आले होते, आणि रोज दिवसाचे आठ तास तक्ते हेच माझं पोटापाण्याचं काम. तरी हा तक्ता आहे हे मला बावन्न वर्षांत दिसलं नव्हतं.

(फ वरून वर्गात दंगा झाला. निम्म्या मुलांचे वरचे दात खालच्या ओठाला लागत होते. मॅडम म्हणाल्या, मग तो आता तुमच्या तोंडात प च्या ओळीत उरलेला नाही, नोंद करून ठेवा. चूक म्हणाल्या नाहीत. नोंद म्हणाल्या. हा फरक मला फार आवडला.)

दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ असा: आपल्याच बोलण्यातले वीस शब्द रेकॉर्ड करायचे आणि ते आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहायचे. ही लिपी १८८८ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. एका आवाजाला एकच खूण आणि एका खुणेला एकच आवाज, हा तिचा कणा. हिशेबाच्या माणसाला यापेक्षा गोड नियम नाही. मी वीसच्या वीस शब्द लिहून, तळाशी रेघ मारून, वही दिली.

वही परत आली तेव्हा अकरा लाल वर्तुळं होती. सगळी ज आणि च वर. मी तास संपल्यावर भांडायलाच गेले. म्हटलं, एकच अक्षर आहे, मी एकच खूण केली, नियम तुमचाच. मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "जग म्हणा. दुनिया या अर्थी." म्हटलं. "आता कोणाला आशीर्वाद द्या, शंभर वर्षं जग." म्हटलं. "पुन्हा एकदा, दोन्ही, हळू."

आणि मला ऐकू आलं.

पहिल्या जग मध्ये जीभ टाळूला चपटी टेकते. दुसऱ्या जग मध्ये ती दातांच्या मुळाशी जाते आणि आवाज ज आणि झ च्या मधला, जरा घासटून येतो. दोन वेगळे आवाज. आपण ते रोज वेगवेगळे बोलतो, कधी चुकत नाही, आणि लिहितो मात्र एकाच अक्षराने. बसमधून घरी येताना मी खिडकीकडे तोंड करून जग, जग, जग म्हणत होते. शेजारची बाई दोन सीट सोडून जाऊन बसली.

मॅडमनी नियम सांगितला नाही, हे या कोर्सचं सगळ्यात मोठं कौतुक. म्हणाल्या, कुठे कोणता आवाज येतो ते तुम्हीच शोधा. मग मी माझं हत्यार काढलं. एक्सेल शीट उघडली. एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात पुढचा स्वर. चार, चारा, चोर, चिमणी, जेवण, जागा, जीभ, पाच, जुना. रात्री अकराला मी सासूबाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आई, माझा म्हणा. आता माझी म्हणा." त्यांनी म्हटलं. मी म्हटलं, झ बदलला बघा. त्यांनी स्वतःच चार वेळा म्हणून पाहिलं, त्याचा-त्याची, माझा-माझी, आणि मग इतक्या हसल्या की त्यांना उठून बसावं लागलं. "ऐंशी वर्षं बोलतेय गं मी हे," म्हणाल्या, "आणि मला कोणी सांगितलं नाही."

साठ शब्दांनंतर शीट वर्गवार लावली आणि रकाना आपोआप दुभंगला. पुढे इ, ई, ए किंवा य आला की जीभ टाळूकडे जाते, कारण ते स्वर म्हणतानाच जीभ पुढे आणि वर उचललेली असते. त्याचा, पण त्याची, त्याचे, त्याच्या. उरले ते नाठाळ शब्द, जग, जन, चरण, चंद्र. पुढे अ असूनही टाळूवालेच. दोन दिवस डोकं खाल्लं त्यांनी. मग लक्षात आलं की हे सगळे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पाहुणे आहेत, येताना आपला उच्चार घेऊनच आले. याला मराठी व्याकरणात तालव्य आणि दंततालव्य म्हणतात, हे मॅडमनी मी शीट दाखवल्यावर सांगितलं. नाव शेवटी कळलं. उलट झालं असतं, म्हणजे आधी नाव आणि व्याख्या मिळाली असती, तर मी ती पाठ केली असती आणि महिन्याभरात विसरले असते.

चौदा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी. व्यवस्थेबद्दल सांगायचं तर खोली कोंदट, पंख्याचा आवाज असा की स्वनविज्ञानाचा, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासाचा, तास तिथे घेणं हा एक विनोदच होता, आणि ग्रंथालय आमचा तास सुटायच्या आत बंद व्हायचं. याने माझा एक तारासुद्धा कमी होत नाही.

दुसरा कोर्स भूविज्ञानाचा, ऑनलाइन, बारा आठवडे, परदेशी विद्यापीठाचा. दगडांशी माझा संबंध ठेच लागण्यापुरताच. पण पहिल्या कोर्सने चटक लावली होती आणि मला मुद्दाम असा विषय हवा होता ज्यातलं काहीच येत नाही. पहिले चार आठवडे खनिजं, खडकांचे प्रकार, थर. ठीकठाक. चित्रं सुंदर, गृहपाठ सोपा. पाचव्या आठवड्यात विषय आला, खडकाचं वय काढतात कसं.

झिर्कॉन नावाचा एक स्फटिक असतो, वाळूच्या कणाएवढा किंवा त्याहून बारीक. तो तयार होताना युरेनियमचे अणू आत घेतो आणि शिशाला जवळजवळ दारातच उभं करत नाही. युरेनियमचं काळाच्या ओघात शिसं होत जातं. म्हणजे आज त्या स्फटिकात जे शिसं सापडेल ते सगळं तिथेच जमा झालेलं. सुरुवातीची शिल्लक शून्य! हे वाक्य ऐकल्यावर मी व्हिडिओ थांबवला. सुरुवातीची शिल्लक शून्य असलेलं खातं माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणी मला दिलेलं नाही.

पुढे आणखी बहार आहे. युरेनियम दोन प्रकारचं, २३८ आणि २३५. पहिल्याचं निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्याचं सुमारे ७०.४ कोटी. पहिल्यातून होतं शिसं २०६, दुसऱ्यातून शिसं २०७. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं, वेगवेगळ्या गतीची, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली. दोन्हींवरून वय काढायचं आणि ताळा बघायचा. दुहेरी नोंद, दुसरं काय!

गृहपाठात तीन नमुने होते. पहिल्याचे आकडे मला अजून पाठ आहेत. शिसं २०६ आणि युरेनियम २३८ यांचं गुणोत्तर ०.०८०. शिसं २०७ आणि युरेनियम २३५ यांचं ०.६३०. दोन आकड्यांत काही नातं दिसतं का? मलाही दिसलं नाही. सूत्र टाकलं. पहिल्यावरून वय आलं ४९.६ कोटी वर्षं. दुसऱ्यावरून वय आलं ४९.६ कोटी वर्षं. मी ऑफिसात आयुष्यभर ताळे जुळवलेत, जुळल्यावर सुटल्यासारखं वाटतं, इतकंच. या वेळी अंगावर काटा आला. कारण इथे जुळवणारं कोणी नव्हतंच. माणूस नावाची वस्तू पृथ्वीवर नसताना ही वही लिहिली जात होती.

दुसरा नमुनाही जुळला. तिसरा जुळेना. एक घड्याळ म्हणे ३८ कोटी, दुसरं म्हणे ४३. मी गृहीतच धरलं की चूक माझी. दोन संध्याकाळी सूत्र तपासलं, दशांश चिन्ह तपासलं, नमुन्याचे आकडे पुन्हा उतरवले. मुलीचा फोन आला तर मी म्हटलं, "नंतर बोलू, पाच कोटी वर्षांचा फरक येतोय." ती म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" शेवटी हरले आणि उत्तरात लिहिलं: जुळत नाही, माझी चूक सापडत नाही.

परीक्षकाचा शेरा आला. तो सहायक असावा, नावापुढे काही पदवी नव्हती. त्याने लिहिलं होतं की चूक नाहीच, जुळत नाही हेच उत्तर आहे. स्फटिक मधल्या काळात तापला असेल, थोडं शिसं निसटलं असेल. दोन घड्याळं असण्याचा फायदा हाच, की काही निसटलं असेल तर ते कळतं. आणि खाली, तुम्ही जुळवून टाकलं नाहीत हे बरं केलंत.

हिशेब विभागात बसणाऱ्याला ही शेवटची ओळ काय लागते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

त्याच आठवड्यात क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाची गोष्ट होती. पृथ्वीचं वय काढायला तो उल्कापाषाणातलं शिसं मोजत होता आणि आकडे दर वेळी भलतेच फुगून यायचे. कुठून तरी बाहेरचं शिसं जमा होत होतं. त्याने प्रयोगशाळा धुतली, भांडी आम्लाने घासली, हवा गाळली, तेव्हा कुठे आकडे जागेवर आले. १९५६ साली त्याने पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं सांगितलं, तो आकडा आजही फारसा हललेला नाही. पण मला जास्त भावलं ते पुढचं. त्या फुगलेल्या आकड्यांच्या मागे जाता जाता त्याच्या लक्षात आलं की शिसं सगळीकडेच पसरलंय, आणि त्यातला मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाचा आहे. मग पुढची कित्येक वर्षं तो त्याच्याशी भांडला. मूळ काम पृथ्वीचं वय, सापडली भलतीच गळती. असा ऑडिटर आमच्याकडे एकदा यायला हवा.

या कोर्सची एक तक्रार आहे. गृहपाठाची मुदत ग्रीनिचच्या वेळेत दिलेली असते आणि तो उल्लेख पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात. सातव्या आठवड्याचा पूर्ण झालेला गृहपाठ माझा अर्ध्या तासाने हुकला. पत्र लिहून उपयोग झाला नाही. कोटी वर्षांच्या हिशेबात अर्धा तास सांभाळून घेतला नाही त्यांनी. तरी तारे पाचच. शेरे लिहिणाऱ्या त्या मुलासाठी.

आता सोडलेला कोर्स. विद्यापीठाचं नाव घेत नाही, नाव मोठं आहे एवढंच. विषय माणसाच्या निर्णयांचा, म्हणजे आपण चुकीचे निर्णय का घेतो वगैरे. जाहिरात झकास. व्हिडिओ चार-चार मिनिटांचे, मागे संगीत, शिकवणारे देखणे आणि बोलणं मधाळ. प्रत्येक व्हिडिओनंतर एक प्रश्न, ज्याचं उत्तर पर्यायांतच ओरडून सांगितलेलं. मी शंभरपैकी शंभर घेत सुटले. चौथ्या आठवड्यात मुलीने सहज विचारलं, काय शिकलीस? मी तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. एक वाक्य आठवेना. गोड वाटलं होतं एवढंच आठवत होतं.

मग मी जरा शोधलं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झालाय. तोच विषय निम्म्या मुलांना सफाईदार व्याख्यानाने शिकवला, निम्म्यांना गणितं सोडवायला लावून. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणीत जास्त गुण पडले ते झगडणाऱ्यांना. आणि २००६ चा रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आहे. एक उतारा काहींनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. माझी अकरा लाल वर्तुळं आणि पाच कोटींचा फरक अजून का लक्षात आहे आणि शंभरपैकी शंभरवाला कोर्स का नाही, याचा उलगडा झाला.

शेवटचा बांध फुटला तो निबंधावर. सहा आठवड्यांत एकच लिखाण, आणि ते तपासणार दुसरे विद्यार्थी. मी तीन रात्री घालून लिहिलं. दोन शेरे आले. एक, "छान." दुसऱ्यात एक ठिपका. नुसता ठिपका, म्हणजे रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून टाकलेला. मी स्वतः मात्र तीन जणांचे निबंध ओळ न् ओळ वाचून दीड-दीड पान लिहिलं होतं. मूर्ख मी. त्यानंतर रोज एक मेल, तुमचं प्रमाणपत्र तुमची वाट बघतंय. बघू दे.

कोणी विचारलं की कोर्स निवडताना काय बघायचं, तर मी विषय बघा असं म्हणत नाही, विद्यापीठाचं नावही नाही. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ उघडा. तो सोडवताना घाम फुटतोय का आणि तो तपासणारं पलीकडे कोणी माणूस आहे का, एवढं बघा. बाकी व्हिडिओचा दर्जा, प्रमाणपत्राचा कागद, त्यावरची सही, हे सगळं मी आता बघतसुद्धा नाही. आठवड्याला सहा-सात तास मात्र खरंच काढावे लागतात. दोन तासांत होईल असं ज्या पानावर लिहिलंय तिथे तिप्पट धरा.

राहिला चौथा. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाने २००१ साली जाहीर केलं की आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करणार, त्यातला हा, रेषीय बीजगणित, क्रमांक १८.०६. शिकवणारे गिल्बर्ट स्ट्रँग. व्हिडिओ जुने, १९९९ सालच्या वर्गाचे. फळा, खडू आणि एक माणूस, बस्स. २०२३ मध्ये अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी वर्गातलं शेवटचं व्याख्यान दिलं.

पहिलंच व्याख्यान मी चार वेळा पाहिलंय. फळ्यावर दोन समीकरणं. दोन क्ष वजा य बरोबर शून्य. उणे क्ष अधिक दोन य बरोबर तीन. शाळेत आपण हे सोडवलंय, एका ओळीला दोनने गुणा, दुसरीत मिळवा, क्ष एक, य दोन, संपलं. ते आधी तसंच सांगतात: प्रत्येक ओळ म्हणजे एक रेघ, दोन रेघा जिथे छेदतात ते उत्तर. मग म्हणतात, आता रकान्यांकडे बघू.

मी खुर्चीत सरळ बसले.

क्ष चा रकाना: दोन, उणे एक. य चा रकाना: उणे एक, दोन. उजवीकडचा रकाना: शून्य, तीन. प्रश्न आता असा की पहिला रकाना किती वेळा आणि दुसरा किती वेळा घेतला म्हणजे उजवीकडचा तयार होईल? कागदावर बाण काढा. पहिला बाण एकदा, दोन घरं उजवीकडे, एक खाली. त्याच्या टोकापासून दुसरा बाण दोनदा, दोन घरं डावीकडे आणि चार वर. येऊन पोचता बरोबर शून्य, तीनवर. तेच उत्तर, क्ष एक, य दोन. पण आधीचं उत्तर म्हणजे शोधून काढलेला आकडा होता, आणि हे म्हणजे चालत जाऊन गाठलेली जागा. मी नववीत हे गणित शंभरदा केलं असेल, आणि तिथेही मी आडवंच वाचत होते.

नऊ व्याख्यानं अशी मजेत गेली. दहाव्यात चार मूलभूत उपअवकाश आले, म्हणजे आकड्यांच्या एकाच तक्त्याच्या ओळी-रकान्यांतून निघणाऱ्या चार जागा, आणि मी आपटले. तीन आठवडे तिथेच. खुल्या कोर्समध्ये गृहपाठ आहेत, उत्तरंही आहेत, पण मुदत नाही आणि वही मागणारं कोणी नाही. फुकटात एवढं दिल्यावर तेही त्यांनीच करावं अशी अपेक्षा ठेवणं चूक, दोष माझाच. उत्तराचं पान एका बोटावर असलं की मी बघते. बघितलं की वाटतं, हं, हेच तर मी करणार होते. तसं पाच महिने फसवलं स्वतःला, मग बंद केलं.

गेल्या महिन्यात भाषाविज्ञानाच्या वर्गातला एक मुलगा भेटला. शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसायचा, फ ला दात लावणाऱ्यांपैकी. त्यालाही त्याच्या पुढच्या अभ्यासासाठी रेषीय बीजगणित हवंय आणि तोही दहाव्या व्याख्यानापाशी घुटमळतोय. आम्ही ठरवलं की दर रविवारी सकाळी दहा वाजता एकमेकांची वही तपासायची. उत्तराचं पान दोघांनीही तोवर उघडायचं नाही. लाल पेन त्याने आणायचं.

परवा तिसरा रविवार होता. मी त्या चारांपैकी एक, शून्य अवकाश, काढून, तळाशी रेघ मारून, वही पुढे केली. त्याने बराच वेळ बघितलं, मग पेनाचं टोपण काढलं. "काकू," म्हणाला, "दुसऱ्या रकान्यात वजा राहिलंय."

तेवढ्यासाठी सगळं पान पुन्हा करावं लागलं. करायला घेतलंय.